वस्तादांनी परत पाठवलेला पॅच

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २७ वर्षांचा, राजारामपुरीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेली पाच वर्षं आमचा एक लहानसा गट मराठी शुद्धलेखन तपासणीचा मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारा, शब्दकोश करतोय. तो सुरू केला आमच्या वस्तादांनी. दिवसा ते उद्यमनगरात एका कारखान्यात सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहायचे आणि रात्री जेवणं झाली की हे काम. मला गिट, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यांनी शिकवलं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, मांडीवर लॅपटॉप ठेवून. 'वस्ताद' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, पण आम्हा पोरांच्या तोंडात दुसरं काही बसलंच नाही.

चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. ४९ वर्षांचे होते. त्याच्या अकरा दिवस आधी त्यांनी माझा पॅच, म्हणजे कोशात घालायच्या बदलांचा गठ्ठा, तिसऱ्यांदा परत पाठवला होता. सहाशे शब्दांचा पॅच, आणि कारण दरवेळी तेच: 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेल्या शब्दांत दोन तऱ्हेचे र मिसळलेत. खाली लिहिलं होतं, "दिसतंय सारखं म्हंजे असतंय सारखं, व्हय रं?" मी चिडलो. उत्तरच दिलं नाही. उद्या देऊ, परवा देऊ करत राहिलो, आणि मग फोन आला. आता रात्री दीड-दोनला जाग येते आणि मी तीच ओळ वाचत बसतो. आधी एकदा त्यांनीही माझ्या दुरुस्तीला तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं, कारखान्यात डबल शिफ्ट होती म्हणून. पण ते वेगळं.

गटात आता वाद आहेत. सगळ्या फाइली जिथे आहेत तो गिटहब या साइटवरचा मुख्य रेपो त्यांच्या खात्यात, किल्ल्या फक्त त्यांच्याकडे. अडतीस दुरुस्त्या मर्ज व्हायच्या, म्हणजे मुख्य फाइलींत मिसळायच्या, राहिल्यात. एक जण म्हणतो, प्रकल्पाला त्यांचं नाव द्या. दुसरा म्हणतो, जीपीएल परवाना काढून दुसरा लावू, म्हणजे कंपन्याही वापरतील, आता अडवणारं कोणी नाही. त्यांचा पासवर्ड मला माहीत आहे. आत शिरून सगळं मर्ज करून टाकावं असंही मनात येतं. वहिनींना भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "रात्री दोन-दोनपर्यंत ते काय करत बसायचे, मला कधी कळलंच नाही. तुला माहीत असलं तर सांग." मला काही सांगता आलं नाही. चहा पिऊन उठलो. स्मृतिलेख लिहायला घेतला तर चार ओळींपुढे जात नाही. त्यांची आठवण नेमकी कशी ठेवायची?

— रंकाळ्याकाठचा पठ्ठ्या

प्रिय पठ्ठ्या,

नाव, परवाना, पासवर्ड, लेख, सगळ्यांवर बोलू. पण त्यांपैकी एकाचीही घाई नाही. घाई आहे ती वहिनींच्या प्रश्नाची. त्यांनी तुला सरळ विचारलं आणि तू चहा पिऊन उठलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, त्या क्षणी माझ्याही तोंडून शब्द फुटला नसता. मात्र त्या घरात आता एक बाई आहे जिच्या नवऱ्याच्या कित्येक वर्षांच्या रात्री तिला ठाऊक नाहीत, आणि त्या रात्रींचा हिशेब तुझ्याकडे आहे. तो तिला नेऊन दे. तुझ्या वस्तादांची आठवण ठेवायची सुरुवात इथून आहे.

हिशेब म्हणजे खरोखर हिशेब. माणूस गेल्यावर मागे काय राहतं? दोन-चार फोटो, एखादी वही, बाकी ज्याला जे आठवेल ते. तुमच्या कामात तसं नाही. गिटच्या लॉगमध्ये त्यांच्या प्रत्येक कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, तारीख आहे, तास-मिनिट-सेकंद आहे, काय बदललं ते आहे आणि का बदललं ते त्यांच्याच शब्दांत आहे. मी चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या एका रात्रीचाही असा दाखला देऊ शकणार नाही. तेव्हा त्यांच्या नावाने लॉग काढ, वर्षावार लाव आणि तिच्याशेजारी बसून वाच. ती तारखा बघेल आणि म्हणेल, अरे, ही तर अमक्याच्या लग्नाची आदली रात्र, ह्या दिवशी तर यांना ताप होता. त्या बाजूचं तुला काही माहीत नाही. तू तिला काम सांगशील, ती तुला घर सांगेल.

डेबियन या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या मंडळींवर एकदा याच्या नेमका उलट प्रसंग आला होता. जोएल क्लेकर नावाचा पोरगा तिथे सॉफ्टवेअरची अनेक पॅकेजं सांभाळायचा, एस्पी म्हणून ओळखला जायचा. जुलै २००० मध्ये तो गेला, वय फक्त २१. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, स्नायू झिजत नेणारा आजार. बराच काळ तो अंथरुणावरूनच काम करत होता. सोबत काम करणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता. पुढच्याच महिन्यात डेबियन २.२ आलं, ते त्यांनी त्याला अर्पण केलं. तिथे सोबत्यांना अंथरूण माहीत नव्हतं. इथे घराला काम माहीत नाही.

वहिनींना काम समजावताना रेपो, मर्ज, हनस्पेल यातलं काही काढू नकोस. मराठीच काढ. 'घर' हा एक शब्द. पण आपण लिहितो घराला, घरातून, घरापाशी, घरासमोरच्या. 'माणूस'चं माणसाला होतं, 'रस्ता'चं रस्त्यावरून, 'पाणी'चं पाण्यात. असं प्रत्येक रूप कोशात वेगळं भरत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून मूळ शब्द एका फाइलीत आणि तो कसा वाकतो त्याचे नियम दुसऱ्या फाइलीत ठेवायचे. ही रचना हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांच्या हनस्पेलची. त्यांची हंगेरियनही शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय जोडत जाणारी भाषा, तिच्यासाठी त्यांनी ते केलं आणि ते आपल्यालाही लागू पडलं. आज लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स तेच वापरतात. वहिनींना एवढंच सांग: एखाद्या पोराने निबंध टाइप केला आणि बरोबर लिहिलेल्या 'रस्त्यावरून'खाली लाल रेघ आली नाही, तर ती न आलेली रेघ म्हणजे यांच्यासारख्या माणसांच्या रात्री. दिसत नाही असं काम होतं ते, म्हणून तुम्हालाही दिसलं नाही.

आता त्या पॅचकडे येते, कारण तुझी झोप तिथे अडकली आहे.

वस्ताद बरोबर होते. तू अजूनही मनातून ते मान्य केलेलं नाहीस असं पत्रावरून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' मान द्यायचा आणि 'आचाऱ्यांना' भाजी किती लागेल ते विचारायचं. एवढं आपल्याला शाळेतच कळतं. पुढची गोम मात्र डोळ्यांना दिसत नाही. 'दऱ्या'तला हा झोपलेला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलंत. दुसरी, जुन्या मजकुराशी जुळावं म्हणून ठेवलेली: साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'दुसऱ्या' हुबेहूब सारखे. आतली अक्षरं वेगळी, त्यामुळे एक शोधलं की दुसरं सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या रीती एक करण्याची प्रक्रिया, चालवूनही ही दोन एक होत नाहीत. कोशात एक रीत असेल आणि लिहिणाऱ्याने दुसरी वापरली, तर बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते. दोन्ही मिसळल्या की काही शब्द पकडले जातात, काही सुटतात, आणि का ते कोणालाच कळत नाही. तुझे सहाशे शब्द तसेच आत गेले असते तर पुढची दहा वर्षं कोणीतरी डोकं खाजवत बसलं असतं. वस्तादांची ती ओळ थट्टेची वाटते खरी, पण सगळं कारण त्या एका ओळीत आहे.

तीनदा परत पाठवलं म्हणजे त्यांनी सहाशे शब्द तीनदा वाचले. दिवसभर मशीनवर उभं राहून आल्यावर, तीनदा. तालमीत वस्ताद ज्या पोराला बाजूला घेऊन तोच डाव पुन्हापुन्हा घोटून घेतात, त्या पोराला त्या दिवशी रागच येतो. आखाड्यात बसलेल्या बाकीच्यांना मात्र दिसत असतं की वस्तादांचं लक्ष कोणावर आहे.

राहिले अकरा दिवस. तूच लिहिलं आहेस की त्यांनी तुला तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं, आणि लगेच 'ते वेगळं' म्हणून पुढे गेलास. वेगळं का? तेव्हा तू काय धरलंस? शिफ्ट असेल, होईल सवडीने. तुझ्या गप्प बसण्याकडेही त्यांनी याहून वेगळ्या नजरेने पाहिलं असेल असं मानायला तुझ्यापाशी काही पुरावा नाही. पोटापाण्याच्या कामातून वेळ काढून केलेल्या कामात आठवडे असेच जातात, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? तुला राग आला होता हे खरं. पण अकरा दिवसांचं मौन तू भांडण म्हणून मोजतो आहेस आणि त्यांच्या बाजूने ती एक पडून राहिलेली पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्ज होण्याची वाट बघणारी दुरुस्ती, होती. एवढा फरक आहे तो.

तरी रात्रीची ही जाग चार महिने टिकली आहे, म्हणून एक सांगते आणि ते मनावर घे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दीडला जाग आली तर ती ओळ उघडण्याआधी तो नंबर लाव. आणि जेवण तुटलं असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेट. यात कमीपणा काही नाही.

स्मृतिलेख चार ओळींपुढे जात नाही कारण त्या चार ओळी त्यांच्या नसाव्यात. मला न बघताही अंदाज आहे: हसतमुख, निःस्वार्थी, सर्वांचे आधारवड. मी हे स्वतः केलेलं आहे. इथल्या एका कॉलेजात मी संगणक शिकवत होते तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीची पहिली सीडी दिली. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली होती. त्यामागे अतुल चिटणीस होते आणि आमच्यासारख्या गावोगावच्या लोकांचं इंटरनेट म्हणजे ती सीडीच होती. (चिटणीसही २०१३ मध्ये कर्करोगाने गेले.) माझे सहकारी गेले तेव्हा मी त्यांच्यावर दोन पानं लिहिली. त्यांच्या बहिणीने ती वाचली आणि मला म्हणाली, "छान लिहिलंय. पण हा कोण? माझा भाऊ असा नव्हता." ते तापट होते, चूक दिसली की चारचौघांत बोलायचे, आणि मग संध्याकाळी स्वतः घरी येऊन बिघडलेलं मशीन दुरुस्त करून द्यायचे. मी त्यातलं तापटपण काढून टाकलं होतं, आणि त्याबरोबर ते संध्याकाळी घरी येणंही गेलं होतं. ती दोन पानं मी पुन्हा कधी कोणाला दाखवली नाहीत.

म्हणून तू आधारवड लिहू नकोस. त्या तीन वेळा परत पाठवलेल्या पॅचचं लिही. कट्ट्यावर मांडीवर लॅपटॉप ठेवून त्यांनी तुला पहिली कमांड कोणती शिकवली ते लिही. त्यांना वस्ताद म्हटलेलं का आवडत नसावं? वहिनींना विचार, कदाचित त्यामागे काही असेल. कोणत्या शब्दावर गटात त्यांचं भांडण झालं आणि ते हरले, तेही येऊ दे. त्यांची वाक्यं त्यांच्या बोलीतच ठेव, 'व्हय रं'ला 'होय का रे' करू नकोस.

आता वादांचं, थोडक्यात. पासवर्ड वापरायचा नाही. तुझा हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण उद्या लॉगमध्ये त्यांच्या निधनानंतरच्या तारखेला त्यांच्या खात्यातून झालेले अडतीस मर्ज दिसतील. ज्या हिशेबाचं मी वर एवढं सांगितलं, तो तू स्वतःच्या हाताने खोटा करशील, आणि नेमका तोच वहिनींपुढे ठेवायचा आहे. गिटहबवर आपल्या खात्याचा वारसदार जिवंतपणी नेमून ठेवता येतो. त्या माणसाने मृत्यूचा दाखला दिला की सात दिवसांनी, किंवा निधनाची छापील बातमी दिली की २१ दिवसांनी, सार्वजनिक रेपो त्याच्याकडे घेता येतात; खात्यात मात्र त्यालाही शिरता येत नाही. वस्तादांनी कोणाला नेमलं होतं का ते आधी सर्वांना विचारा. नसेल तर वहिनींच्या संमतीने, त्यांच्याच नावाने गिटहबला कळवा. तोवर काम अडत नाही: तुमच्या प्रत्येकाच्या क्लोनमध्ये, म्हणजे आपापल्या संगणकावरच्या प्रतीत, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास आहे. गटाच्या नावाने खातं काढा, तिथे फोर्क, म्हणजे रेपोची वेगळी प्रत, घ्या, किल्ल्या किमान तिघांकडे ठेवा. आणि तू स्वतःचा वारसदार आज रात्रीच नेमून टाक.

परवान्याचं बोलणारा मित्र दोन ठिकाणी चुकतो आहे. जीपीएल कंपन्यांना वापरायला अडवत नाही. बदल करून पुढे वाटायचं असेल तर त्याच अटींवर द्या, एवढंच ती म्हणते. दुसरं, अडवणारं कोणी नाही हे साफ चूक. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतरही ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. म्हणजे वस्तादांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीबाबत आता वहिनींना विचारावं लागेल, आणि बाकी ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या प्रत्येकाला. चार महिन्यांच्या दुःखात असलेल्या बाईपुढे सहीसाठी कागद ठेवायला कोणी निघालं तर तू दारात उभा राहा. वस्तादांनी विचारपूर्वक निवडलेली गोष्ट त्यांच्या पाठीमागे बदलणं मला तरी पटत नाही.

प्रकल्पाला त्यांचं नाव? माझं मत नाही असं आहे, रागावू नका. शब्दकोशाचं नाव लोकांना तो शोधता यावा म्हणून असतं. त्यांच्या नावासाठी याहून चांगल्या जागा आहेत. उटीत राहणारे केनेथ गोन्साल्विस पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्या भारतातल्या मंडळींना एकत्र आणणाऱ्यांपैकी एक. २०१२ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि तो पायकॉन इंडिया या त्यांच्या परिषदेत दिला जातो, दरवर्षी एका जिवंत, काम करणाऱ्या माणसाला. विम हा मजकूर लिहिण्या-बदलण्याचा एडिटर करणारे ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. क्रिस्टियान ब्राबांट आणि सोबत्यांनी काम हाती घेतलं, जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आवृत्ती काढली आणि ती ब्राम यांना अर्पण केली. एडिटरचं नाव विमच राहिलं. युगांडातल्या मुलांना मदत करा हे ब्राम यांचं जुनं आवाहनही त्यात राहिलं.

आपल्या गावातही बघ. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्यावरून जातोस. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, नात्यातले भाऊ, दोघं मिळून देशी सिनेकॅमेरा बनवण्याच्या मागे लागले होते. १९१६ मध्ये आनंदराव गेले, कॅमेरा अर्धवट. बाबूरावांनी तो पुरा केला, १९१८ मध्ये, आणि कोल्हापूरच्या चित्रपटधंद्याची सगळी गोष्ट तिथून पुढची. मला त्या मधल्या दोन वर्षांचं नेहमी वाटतं. रोज त्या अर्धवट यंत्रापाशी बसायचं, भावाने घासून ठेवलेला एखादा भाग हातात घ्यायचा आणि तो का असा घासला असेल याचा विचार करायचा.

तुझ्यापुढे अडतीस दुरुस्त्या आहेत, पण सुरुवात त्या सहाशे शब्दांपासून कर. तिसऱ्या फेरीत त्यांनी खुणा केलेल्या जागा एकेक करून बघ, सगळे र एका रीतीचे कर आणि पॅच चौथ्यांदा पाठव, गटाच्या नव्या खात्यावर. शक्य असेल तर गटातल्या सर्वांत नव्या पोराकडे तो तपासायला दे. त्याने परत पाठवला तर चिडू नकोस.

कमिटच्या खाली वस्तादांचं नाव घालायचा तुला मोह होईल. घाल, पण 'रिव्ह्यूड-बाय' लिहू नकोस. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांच्या रिवाजात त्याचा अर्थ 'मी वाचलं आणि मला हे मान्य आहे' असा होतो, आणि त्यांनी हा पॅच मान्य केलेला नव्हता. तिथेच 'सजेस्टेड-बाय' अशीही ओळ असते, ज्याच्या सांगण्यावरून बदल केला त्याच्यासाठी. ती लिही. ती खरी आहे.

मग येत्या रविवारी वहिनींकडे जा. आधी फोन करून जा. लॉग मोबाइलवर दाखवू नकोस, लॅपटॉप घेऊन जा, त्यावर अक्षर मोठं करता येतं.

— तुझी ताई